सोजरबाईंची रांग

सोजरबाई एखाद्या बाईच्या खांद्यावरची कापसाची रुई झटकायच्या, तेव्हा त्या खरं तर रुई झटकत नसत. त्या वास घेत असत. हे मला समजायला एक अख्खा हंगाम लागला, कारण मी त्यांना फक्त वरून, खिडकीतून पाहत होते.

नांदेडला रेल्वेरुळांच्या पलीकडे कापसातून सरकी वेगळी करायची जिन होती आणि माझे वडील तिचे कारभारी होते. आमचं घर फाटकाला लागूनच होतं. वरच्या खोलीच्या खिडकीतून फाटक, बाहेरची धूळभरली मोकळी जागा आणि भिंतीलगतची सावली एवढं सगळं दिसायचं. मी सिकंदराबादला मडमांच्या शाळेत शिकत होते, तिथल्याच वसतिगृहात राहत होते. नाताळाची सुट्टी आणि जिनचा हंगाम एकाच वेळी यायचा. त्यामुळे नांदेडचं घर म्हटलं की मला आजही थंडी, भोंगा आणि फाटकावर उभ्या राहिलेल्या बायका आठवतात. शाळेत दिवसभर इंग्रजी बोलून माझं मराठी आखडून गेलं होतं. कुणाशी बोलायची वेळ आली की मी आधी मनात वाक्य जुळवायची, आणि ते जुळेपर्यंत समोरचा माणूस निघून गेलेला असायचा. खिडकी बरी वाटायची. खालून कुणी वर पाहिलं की मी एक पाऊल मागे सरकायची.

सोजरबाई त्या बायकांच्या मुकादमीण होत्या. यंत्रावर कापूस टाकायला रोज ठरावीक बायका लागत, आणि फाटकावर त्याहून जास्त येत. आत कुणाला घ्यायचं हे सोजरबाई ठरवत. त्यांच्या गळ्यात काळा गोफ असायचा आणि त्यात पितळेचे बिल्ले ओवलेले. ज्या बाईच्या हातात बिल्ला पडला तिचा त्या दिवसाचा रोज पक्का. त्या बुटक्या, काटकुळ्या होत्या. चालताना बिल्ले वाजत, म्हणून आई म्हणायची की सोजरबाई दिसायच्या आधी ऐकू येतात.

भोंगा व्हायच्या आधी त्या सगळ्यांना रांगेत उभं करत आणि एकेकीला एकच प्रश्न विचारत, "चूल पेटली का?"

प्रत्येक बाई म्हणायची, "पेटली की, मावशी."

नाही म्हणणारी एकही बाई मी कधी पाहिली नाही. ते सोजरबाईंनाही माहीत होतं. म्हणून त्या खांद्यावरची रुई झटकायला पुढे वाकत. पहाटे जिच्या घरी भाकरी झाली तिच्या पदराला, केसांना धूर लागलेला असतो. जिला धुराचा वास येत नसे, तिच्या कोपराला हलकेच धक्का देऊन त्या तिला पुढे सरकवत. वर काही बोलत नसत, मागच्यांना कळायचंही नाही. त्यांच्यानंतर लेकुरवाळ्या, मग ज्यांचे नवरे गावातच कमावत होते त्या. आणि सगळ्यात मागे दोन तऱ्हेच्या बायका: एकट्या पोटाच्या आणि रंगूनवाल्या.

रंगूनवाल्या म्हणजे बिलोलीकडच्या खेड्यांतल्या बायका. त्यांच्या नवऱ्यांना मजूर भरती करणाऱ्या तेलंग्या मेस्त्र्यांनी गोळा करून काकीनाड्याच्या बंदरातून रंगूनला नेलेलं होतं. तिथे भाताच्या मोठमोठ्या गिरण्या होत्या. नवरे तिकडून मनीऑर्डर पाठवत, तीही इंग्रजी कलदार रुपयांत, आमच्या निजामी हाली रुपयांत नव्हे. दोन-तीन वर्षांनी कुणी आला तर छत्री, गुलाबी रेशमाचं कापड, लाखेचे तांबडे डबे घेऊन यायचा. त्या कापडाच्या चोळ्या घालून, केसांना वासाचं तेल लावून या बायका हंगामापुरत्या नांदेडला येत आणि रुळांकडेला झोपड्या घालून राहत. सोजरबाई त्यांचा वास घेत नसत. नुसतं विचारत, "येतंय ना तिकडून?" आणि "येतंय की" ऐकलं की म्हणत, "मंग मागं ऱ्हावा. तुमच्यासाठी समुद्र कमवून राहिलाय."

त्या हसत मागे जायच्या. काम मिळालं तर बरं, नाही तर बाजारहाट. पहिल्या वर्षी मी पाहिलं तेव्हा ती मागची बाजूच सगळ्यात आनंदी होती.

वडिलांना ही रांग पसंत नव्हती. त्यांचं म्हणणं असं की उपाशी बाई दुपारनंतर यंत्रावर पेंगते, तेव्हा धडधाकट बाया आधी घ्याव्यात. एकदा त्यांनी ते सोजरबाईंना नीट समजावून सांगितलं. सोजरबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "सायेब, लातूरच्या जिनमधी दंड बघून घ्यायचे. माजे दंड बारीक होते." एवढंच. त्यांचा नवरा लातूरच्या जिनमध्येच वारला होता आणि त्यानंतर त्या नांदेडला आल्या होत्या, हे मला आईनं पुढे सांगितलं. मधल्या काळात काय झालं ते आईलाही माहीत नव्हतं. वडिलांनी पुन्हा तो विषय काढला नाही, कारण सोजरबाईंच्या हाताखालच्या बायका कधी दांडी मारत नसत.

रविवारी त्या बिल्ले मोजून द्यायला आमच्या ओसरीवर येत. त्यांना विसापर्यंतच मोजता यायचं; एक वीस झाले की त्या एक बोट मिटत. एकदा मी तिथे नकाशांचं पुस्तक घेऊन बसले होते. पळून जायला उशीर झाला होता.

"ताई, त्यात रंगून हाय का?"

मी पान काढून दाखवलं. त्यांनी निळ्या रंगावर बोट ठेवलं, काकीनाड्यापासून रंगूनपर्यंत नेलं आणि परत आणलं.

"एवढंच पानी? मंग ह्यांचे नवरे तीन-तीन वर्सं घरी कामून येत न्हाईत?"

मी हसले. मोठ्यांदा हसले असेन, कारण आई आतून बाहेर आली. जाताना त्यांनी वाकून मला विचारलं, "चूल पेटली का ताई तुमची?" ही त्यांची थट्टा होती. नंतर मी खिडकीत दिसले की त्या खालून हेच विचारायच्या. मी मान हलवून मागे सरकायची.

पुढच्या वर्षी सुट्टीत आले तेव्हा वडील कमी बोलत होते. कापसाचा भाव पडला होता. अर्धी यंत्रं झाकून ठेवलेली होती आणि वडिलांच्या खोलीतल्या बिल्ल्यांचा एक ढीग पेटीत बंद होता. सोजरबाईंच्या गळ्यातला गोफ हलका झाला होता, फाटकावरची गर्दी मात्र दुप्पट. लांब कुठेतरी विलायतेत आणि अमेरिकेत बाजार बसला आहे, असं वडील जेवताना आईला सांगत. मला त्यात विशेष वाटलं नाही. आमच्या शाळेतल्या मडमाही तसंच काहीतरी बोलत असत.

त्या वर्षी रांगेच्या अगदी शेवटी लचमव्वा असायची. बिलोलीजवळच्या गावची, वीस-बावीस वर्षांची, कडेवर दीड-दोन वर्षांची मुलगी. तिच्या नवऱ्याचं नाव पोशट्टी, तो रंगूनला. गुलाबी चोळी, चापून चोपून तेल लावलेले केस, हातात लाखेचा तांबडा डबा. सोजरबाई विचारायच्या आणि ती म्हणायची, "येतंय की, अक्का." बिल्ले तिच्यापर्यंत पोचतच नसत. पण ती बाजाराला जायची नाही. एखादी बाई दुपारी आजारी पडली तर बदलीला घेतात, म्हणून ती आमच्या खिडकीखाली भिंतीच्या सावलीत बसून राहायची. इतर बायका म्हणायच्या, हिच्या डब्यात रंगूनचा खाऊ आहे, म्हणून पाठ करून खाते.

ती बायकांकडे पाठ करायची, पण वर खिडकी आहे हे तिच्या लक्षात आलं नव्हतं. मला डबा दिसायचा. त्यात काळपट, ओलं काहीतरी असायचं. ती ते चावायची, बराच वेळ चावायची, मऊ झालेलं मुलीच्या तोंडात घालायची आणि टरफलं बाजूला थुंकायची. ती उठून गेल्यावर भिंतीशी टरफलं पडलेली असत. ती सरकीची होती. जिनच्या अंगणात वाढलेल्या मुलीला सरकी ओळखता येते. गाड्यांमधून सांडलेली सरकी गोळा करून तिनं भिजवली होती. आम्ही ती म्हशीला घालत होतो.

मला ते कळलं होतं. मी ते कुणालाही सांगितलं नाही. काय सांगायचं, कोणत्या शब्दांत सांगायचं, हे जुळवत राहिले. शिवाय सोजरबाईंना सगळं कळतं, असं मी धरून चालले होते.

दहा-बारा दिवसांनी एका सकाळी लचमव्वा एकटीच आली. चोळी तीच, तेल तसंच. सोजरबाई बिल्ले वाटत वाटत मागे आल्या तेव्हा त्यांच्या गळ्यात नुसता गोफ उरला होता.

"पोरगी कुठंय?"

"गेली. हगवण लागली होती."

मग सोजरबाईंनी इतर बायकांना विचारायच्या तो चुलीचा प्रश्न विचारला. मला वाटतं, दुसरं काही सुचलं नाही म्हणून. लचमव्वा म्हणाली, "पेटली की, अक्का." तेव्हा सोजरबाई पहिल्यांदा तिच्या खांद्याशी वाकल्या. वाकलेल्या तशाच राहिल्या. मग त्यांनी तिच्या हातातला डबा घेतला आणि उघडला.

"किती दिस झाले पैसे येऊन?"

"गेल्या होळीपासून न्हाईत."

"मला सांगितलं कामून न्हाईस?"

लचमव्वा खाली बघत म्हणाली, "पैसे बंद झाले म्हटलं की गाव काय म्हणतंय, अक्का? पोशट्टीनं तिकडं बर्मीण ठेवली म्हणतंय. न्हाई तर मेला म्हणतंय. येतंय म्हटलं की तो जिता ऱ्हातो."

सोजरबाईंनी डबा बंद करून तिच्या हातात दिला. मग त्या मागच्या सगळ्या रंगूनवाल्यांजवळ एक एक करत गेल्या आणि एकेकीचा खांदा झटकत, वाकत गेल्या. गुलाबी, हिरव्या, जांभळ्या चोळ्या. शेवटच्या बाईजवळून त्या परतल्या तेव्हा त्यांनी, एकीला एक बोट धरून, डाव्या हाताची पाचही बोटं मिटलेली होती, आणि उजव्या हाताची दोन. त्या सात जणींच्या घरी चूल पेटली नव्हती, आणि त्यांच्यापैकी कुणाच्याही घरी तिकडून काही येत नव्हतं. एकीलाही दुसरीचं माहीत नव्हतं.

त्या वडिलांकडे आल्या आणि पेटीतले बिल्ले मागितले. वडिलांनी सांगितलं की यंत्रंच बंद आहेत, बिल्ले देऊन काय होणार. ते खरंच होतं. सोजरबाई भांडल्या नाहीत. परत जाताना जिन्याशी थांबल्या आणि मी जिथे दाराआड उभी होते तिकडे न बघताच म्हणाल्या, "ताई, ते पुस्तक आना."

मी आणलं. रंगून त्यांनी स्वतःच शोधलं.

"सायेब म्हणतात बाजार बसला. कुठं बसला? दावा."

मी पानं उलटून अमेरिका दाखवली, मग विलायत. त्यांनी ती पानं पाहिली, मागचं पान चिमटीत धरून ठेवलं, पुन्हा पुढचं पाहिलं.

"हे तर दुसऱ्या पानावर हाय."

मी जमेल तसं सांगितलं. तिकडच्या लोकांकडे पैसा राहिला नाही, म्हणून माल कुणी घेत नाही. भाताला भाव नाही, म्हणून रंगूनच्या गिरण्या बंद. कापूसही कुणी घेत नाही, म्हणून आपली यंत्रं बंद. रंगूनचा पैसा थांबला म्हणून बायका कामाला इथे आल्या, आणि नेमकं इथलंही काम आटलं. इतकं सलग मराठी मी त्याआधी कुणाशी बोलले नव्हते. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"म्हंजे तिचा काई दोस न्हाई," त्या म्हणाल्या. "त्याचा बी न्हाई." मग पुस्तक मिटत, "माजा हाय. मी कापड बघत बसले."

मी तेव्हा टरफलांची गोष्ट सांगायला हवी होती. नाही सांगितली.

दुसऱ्या दिवसापासून रंगूनवाल्या मागे उभ्या राहिल्या नाहीत. सोजरबाई सगळ्यांचा वास घेऊ लागल्या. आणि विचारायचं त्यांनी बंद केलं. रांगेच्या टोकापासून टोकापर्यंत त्या नुसत्या खांदे झटकत जायच्या, आणि मला वर फक्त बिल्ल्यांचा आवाज यायचा. उरलेल्या सुट्टीत त्यांनी मलाही खालून काही विचारलं नाही.

तिसऱ्या वर्षी रांगेत पुरुष होते.

रंगूनला गेलेले परत आले होते. काही जण पत्र्याची पेटी घेऊन आले, काही नुसत्या लुंगीवर. पोशट्टीही आला होता. उंच, वाळलेला, बोलताना मधेच हिंदुस्तानी शब्द घालणारा. ओसरीखाली उभं राहून त्यानं वडिलांना सांगितलं की तिकडच्या गिरण्यांच्या चिमण्या एकेक करून कशा थंड झाल्या, मेस्त्री एका सकाळी कसा दिसेनासा झाला, आणि मागची थकलेली मजुरी कुणाकडे मागायची ते कुणालाच कसं माहीत नव्हतं. घरी कळवायला तोंड नव्हतं म्हणून त्यानं पत्र घातलं नाही. बोटीवर उभं राहायला जागा नव्हती, असं तो म्हणाला. मुलीचं त्यानं काही काढलं नाही. त्यानं तिला पाहिलंच नव्हतं.

हे पुरुष बायकांच्या रोजावर काम करायला तयार झाले. मग बायकांना त्याहून कमी रोज मिळू लागला. मालक मुंबईला असत. त्यांचं पत्र आलं की आता पुरुष स्वस्तात मिळतात तर आधी तेच घ्यावेत, आणि पुरुषांवर मुकादमही पुरुषच असावा. वडील दोन दिवस ते पत्र खिशात घेऊन हिंडले. तिसऱ्या दिवशी त्यांनी सोजरबाईंना बोलावलं. एवढंच त्यांच्या हातात होतं, म्हणून म्हणाले, तुझ्या जागी कोण ते तूच सांग.

"पोशट्टी," सोजरबाई लगेच म्हणाल्या.

वडिलांना आश्चर्य वाटलं. इथे मुरलेली, ओळखीची माणसं होती.

"त्याला मानसं हाकायची सवय हाय. रंगूनला करत होता," त्या म्हणाल्या. दुसरं कारण त्यांनी सांगितलं नाही आणि वडिलांनी विचारलं नाही. मी दाराआडच होते.

गोफ त्यांनी स्वतः गळ्यातून काढला. दोन सकाळी त्या पोशट्टीच्या बरोबरीनं रांगेतून चालल्या. खांदा कसा झटकायचा, कुठे वाकायचं, हे त्या त्याला दाखवत होत्या. तो हात जोडून "हाव अक्का, हाव अक्का" म्हणत होता. तिसऱ्या सकाळपासून तो एकटा झाला आणि दंड बघू लागला. त्याला बोल लावता येत नाही. सगळ्या पुरुषांदेखत परक्या बाईच्या खांद्याशी त्यानं वाकायचं कसं? आणि रंगूनला त्यालाही दंड बघूनच निवडलं होतं.

लचमव्वा फाटकावर यायची बंद झाली. मुकादमाच्या बायकोला रोजंदारीला यायची गरज नसते. रुळांकडेच्या त्यांच्या झोपडीतून सकाळी धूर निघतो, असं आमच्या घरी भांडी घासणारी बाई सांगत होती.

सोजरबाई मात्र येत राहिल्या. त्या रांगेच्या शेवटी उभ्या राहत. बायका त्यांना पुढे बोलवत, एक-दोघींनी तर हात धरून ओढलं. त्या म्हणाल्या, "माजं एकटं पोट. एकट्या पोटाची जागा मागं." नियम त्यांचाच होता, आता तो पाळणारं दुसरं कुणी राहिलं नव्हतं. बिल्ले संपत. मग त्या आमच्या खिडकीखाली, भिंतीच्या सावलीत येऊन बसत, जिथे लचमव्वा बसायची. आईनं दोनदा ताट पाठवलं. दोन्ही वेळा, आपण जेवून आलो आहोत असा त्यांचा निरोप घेऊन, ते परत आलं.

माझी सुट्टी संपली त्या सकाळी टांगा फाटकाशी आला. वडील सामान चढवत होते. रांग नुकतीच मोडली होती. सोजरबाई भिंतीकडे चालल्या होत्या, आणि मला ऐकू आल्या नाहीत. गळ्यात काही वाजत नव्हतं. मी टांग्याच्या पायरीवरून उतरले. तीन वर्षांत मी पहिल्यांदाच त्यांच्याकडे आपण होऊन चालत गेले. त्यांना कोणत्या नावानं हाक मारायची, हेही मी कधी ठरवलं नव्हतं.

"मावशी," मी म्हणाले, "चूल पेटली का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचे केस नीट विंचरलेले होते आणि त्यांना तेल लावलेलं होतं.

"पेटली की, ताई," त्या म्हणाल्या.

मी त्यांच्या खांद्यावरची रुई झटकायला हात पुढे केला. आणि सोजरबाई एक पाऊल मागे सरकल्या.